चंद्राक्कांची राखीव सावली

चंद्राक्कांना भाजी आणायला जायचं असलं की त्या पिशवी नंतर शोधतात. आधी गच्चीवर जाऊन सूर्य कुठं आहे ते बघून येतात.

आमच्या कॉलनीपासून भाजीमंडई तशी हाकेच्या अंतरावर. सरळ चालत गेलं तर गेलात कधी आणि आलात कधी हे घरच्यांना कळणारही नाही. आक्का मात्र अर्धी सकाळ घेतात. कारण त्या रस्त्यानं जात नाहीत, सावलीनं जातात. आधी गेटाजवळचा कडुनिंब, तिथून जोशीबाईंच्या कुंपणाबाहेर आलेला करंज, मग उलट वळून शाळेमागची चिंच, मग दवाखान्याच्या भिंतीची सावली (ही त्यांना फारशी पसंत नाही, पण नाइलाज), आणि शेवटी पिंपळाखालून मंडईत. मधे कुठं उघडं ऊन आलंच तर साडीचा पदर आवळून अशा पळतात, की समोरून येणारा माणूस घाबरून बाजूला होतो.

ढगाळ दिवशीसुद्धा त्या ह्याच वाटेनं जातात. मी एकदा म्हटलं, "आक्का, आज तर ऊनच नाही."

"म्हनून काय झालं? रोजची गिऱ्हाइकं एक दिवस आली नायत तर दुकानदाराला वाईट वाटत नाय का?"

चंद्राक्का म्हणजे एसटीच्या निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी कन्नड, पिशोर, पैठण, पाचोड ह्याच गाड्यांवर झाली. नवरा लवकर गेला. पगारातून पै पै जोडून त्यांनी आमच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर घेतलं आणि मुलाला शिकवून पुण्याला पाठवलं. बाई निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातला कंडक्टर काही निवृत्त झाला नाही.

माझी त्यांची पहिली भेट चांगली खडाजंगीची. आम्ही नवरा-बायको नुकतेच राहायला आलो होतो. एप्रिलचं ऊन. मी मोठ्या हौसेनं घेतलेली गाडी गेटाजवळच्या कडुनिंबाखाली लावली आणि काच वर करतोय तोच काचेवर टकटक झाली. बाहेर घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि कपाळाला आठी.

"ओ साहेब, गाडी काढा. ही सीट राखीव हाय."

"कुणासाठी?"

"आता मेथीवाली यील, टोपलं उतरवून घडीभर टेकंल. मंग पोस्टमन. मंग दुपारी त्या दोन नंबरातल्या म्हाताऱ्या. तुमच्या गाडीला काय घाम येतो का?"

गाडी मी उन्हात लावली. संध्याकाळी गाडीचं दार उघडलं तर आत भाकरी भाजता आली असती. पण दुपारी घराच्या खिडकीतून बघितलं तर कडुनिंबाखाली खरंच मेथीवाली पाय पसरून बसली होती, शेजारी पोस्टमन पाणी पीत होता, आणि आक्का दोघांना सरकवत होत्या. "सरका जरा, सरका. मागं जागा मोकळी हाय. सगळ्यांना बसाया मिळंल, ढकलाढकली नको."

दुपारभर हेच चालायचं. सावली सरकेल तशा त्या माणसांना सरकवायच्या. पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या खुर्च्यासुद्धा आक्का अलगद ओढून पुढं न्यायच्या. म्हाताऱ्या जाग्या व्हायच्या त्या भलत्याच ठिकाणी.

सावलीच्या बाबतीत आक्कांची जीभ फार तयार. "कडुनिंबाची सावली म्हंजे ताक. पातळ, पर पोटात गार पडतं. वडाची म्हंजे सायीचं दही. चांगली असती, पर तिथं बसलेला मानूस उठत नाय, कामधंदा बुडतो. गुलमोहराचं निस्तं नटणं, खाली बसलं की चाळणीतून ऊन गळतं." बंगल्यांच्या दारात ते उंच सरळसोट अशोक लावतात ना, त्यांच्यावर आक्कांचा विशेष राग. "त्याची सावली त्याला सोताला पुरत नाय, तो दुसऱ्याला काय देनार?" पत्र्याच्या शेडला त्या सावली मानतच नाहीत. "तो तवा हाय, उलटा धरलेला." आणि एसीची हवा शिळी.

मुलगा पुण्याला राहायला ये म्हणून मागं लागला, तेव्हा मोठ्या उत्साहानं गेल्या. आठवडाभरात परत. "अकराव्या मजल्यावर ऱ्हातो वो पोरगा. खाली झाडं हायत, लई चांगली हायत. पर त्यांची सावली वर चढत नाय."

झाडांची नावं मात्र आक्कांना धड येत नाहीत. माझी बायको वैशाली कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती प्रत्येक झाडाचं नाव, कूळ, गोत्र सांगणार. आक्कांच्या लेखी ज्याचं नाव माहीत नाही ते 'रानजांभूळ'. वैशाली कळवळून म्हणायची, "आक्का, हे रानजांभूळ नाही, हा शिसव आहे." त्यावर आक्का, "असंल. त्याला कुठं राग आलाय?" तरी दोघींचं मेतकूट असं जमलं, की रविवारी सकाळी बायको मला चहाऐवजी निरोप ठेवून गायब व्हायची.

तर अशा ह्या आक्कांवर गेल्या उन्हाळ्यात संकट आलं.

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. नावालाच मोकळी. कडुनिंब, करंज, दोन चिंचा, एक जुनं बोरीचं झाड असा तिथं चांगला घोळका जमलेला. कॉलनीचे अध्यक्ष मोरे साहेब. सरकारी नोकरीत इंजिनियर होते, निवृत्त झाल्यापासून हाताला काम नसल्यानं सारखे काहीतरी बांधायला बघत असतात. त्यांनी त्या जागेवर हॉल बांधायचा बेत काढला. बारशी, वाढदिवस, हळदी, सगळं घरच्या घरी. नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन ते घरोघर हिंडले. लोकांना बेत आवडला. खरं सांगायचं तर मलाही आवडला होता. झाडं जाणार हे नकाशात कुठं दिसत नव्हतं, तिथं नुसता पांढरा कागद होता.

बैठक भरली ती त्याच झाडांखाली, कारण दुसरीकडं बसवत नव्हतं. मोरे साहेबांनी नकाशा उलगडला. सगळे आक्कांकडं बघायला लागले. आता भांडण पेटणार, असं वाटून पुढच्या दोघांनी खुर्च्या मागंसुद्धा घेतल्या.

आक्का उठल्या. शांतपणे म्हणाल्या, "हॉल बांधा. मी कुठं नको म्हनते? पर त्याच्या आधी एक दिवस सगळे माझ्या माहेराला चला. डोंगर बघा, जेवा, आन् मंग ठरवा. तुम्ही ठरवाल त्याला माझी डबल बेल."

मोरे साहेब संशयानं म्हणाले, "जेवायला काय?"

"भाकरी, पिठलं, ठेचा. आन् आंब्याचा रस."

ठराव एकमतानं मंजूर झाला.

आक्कांचं माहेर पिशोरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला, पंचवीस-तीस घरांची वाडी. मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही भाड्याची मिनीबस करून निघालो. बस बघताच आक्कांचं वय निम्म्यानं उतरलं. दारात उभ्या राहून त्यांनी सगळ्यांना मोजूनमापून बसवलं. मोरे साहेबांना खिडकी हवी होती, ती उन्हाची बाजू म्हणून दिली नाही. दोनदा दांडा वाजवला आणि गाडी सुटली.

फुलंब्री मागं पडली आणि आक्का मधेच ओरडायला लागल्या. "मोठा वड! कुणी उतरणार हाय का, मोठा वड!"

आम्ही बाहेर बघितलं. वड नव्हताच. रुंद, गुळगुळीत रस्ता आणि त्यावर थरथरणारं ऊन.

"जोडचिंच! जोडचिंच आली!"

तिथंही काही नव्हतं. मग आमच्या लक्षात आलं. रस्ता अरुंद होता तेव्हाचे थांबे त्या सांगत होत्या. सुरुवातीला सगळे हसत होतो. दोन-चार थांब्यांनंतर हसू कमी झालं, आणि मोरे साहेब आपणहून खिडकीबाहेर बघायला लागले.

वाडी आली. आक्कांचा भाऊ न्यायला आला होता. त्याच्यामागून आम्ही डोंगराकडं निघालो, आणि जवळ गेल्यावर आमची थोडी निराशा झाली. सागाची पानं गळून गेलेली, काटक्या वर आलेल्या, पायाखाली कुरकुर वाजणारा पाचोळा. मोरे साहेब कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "आक्का, हेच का तुमचं जंगल? हे तर वाळलंय."

"साहेब, उन्हाळ्यात तुमीबी कोट काढूनच बसता ना? त्यानं काढलाय. चला खाली."

आक्का आम्हाला डोंगराच्या एका घळीत घेऊन गेल्या. थोडंसंच उतरलो आणि हवा बदलली. कुणीतरी थंड पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं मानेवर ठेवावं, तसं झालं. वर उंबर, जांभूळ, करंज अशी कोवळ्या पानांची दाटी. खाली दगडांमधे चक्क पाणी. मे महिन्यात! शहरात आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि इथं एक चतुर पाण्यावर टेकत-उडत मजा मारत होता. मधमाशांची गुणगुण सगळ्या घळीत भरून राहिली होती. वैशालीनं लगेच झाडांची नावं घ्यायला सुरुवात केली.

आक्का म्हणाल्या, "म्याडम हजेरी घेऊ द्या. आपण बसून घेऊ."

मोरे साहेबांनी तर्क मांडला. "पाणी खडकामुळं असणार. भूगर्भाचा प्रकार आहे."

आक्कांनी साहेबांच्या हातातली थंड पाण्याची बाटली घेतली, जवळच्या उघड्या पायवाटेच्या उतारावर अर्धी ओतली. पाणी धूळ घेऊन सरळ खाली पळालं.

"अहो, माझं पाणी!"

उरलेली बाटली आक्कांनी झाडाखालच्या पाचोळ्यावर ओतली. पाणी कुठं गेलं ते दिसलंसुद्धा नाही. पाचोळा फक्त थोडा गडद झाला.

"हे बघा साहेब. उघड्या डोंगरावर पाऊस म्हंजे जत्रंची गर्दी. येतो, ढकलतो, माती खांद्यावर घेतो आन् पळतो. इहिरीला काय, शेताला काय, कुणालाच गावत नाय. झाडं असली की त्योच पाऊस लायनीत येतो. आधी पानावर, मंग फांदीवर, मंग पाचोळ्यात, मंग मुळीपाशी. प्रत्येकाला जागा मिळती. आन् सावकाश, उन्हाळ्यात, इथं खाली उतरतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "खडकबी असंल तुमचा. मी नाय म्हनत नाय."

बाटली रिकामी झाल्यानं मोरे साहेबांना झऱ्याचंच पाणी प्यावं लागलं. ते भरपूर प्यायले. मग नकाशाची गुंडाळी उशाला घेऊन जांभळाखाली 'जरा टेकतो' म्हणाले आणि ठार झोपले. आक्का येऊन त्यांच्याकडं बघत उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं सावली सरकली, तेव्हा त्यांनी आणि भावानं मिळून साहेबांचे पाय उचलून आत घेतले. साहेबांना पत्ता नव्हता. जवळच मोर ओरडला तेव्हा ते दचकून उठले. "कोण आलं?" म्हणाले आणि चारी बाजूंना झाडंच झाडं बघून लहान मुलासारखे हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

जेवण आक्कांच्या माहेरी, अंगणात. तिथं आक्कांची आई भेटली, धोंडाआजी. वयानं वाकलेली, डोळ्यांना कमी दिसणारी, पण आवाज खणखणीत. आवाजावरून लेकीनं तो कुठून घेतला ते कळत होतं. भावजयीनं रसाची वाटी रिकामी होऊ दिली नाही. खाता खाता मोरे साहेबांनी विचारलं, "आजी, हे जंगल पूर्वीपासूनच असं आहे का?"

"कुठलं वो! माझ्या तरणेपणी हितं टक्कल होतं टक्कल. समद्या गावानं तोडलं, मीबी तोडलं. चुलीला काय हात घालायचे? उरलंसुरलं शेरडं-मेंढरं खायची. मंग इहीर आटली. पान्याला पार पल्याडच्या खोऱ्यात जायाचं."

मग गावात बैठक बसली, आजी सांगत होत्या. डोंगर बंद करायचा. कुऱ्हाड नाही, चराई नाही. बाकीच्यांना हो म्हणणं त्यातल्या त्यात सोपं होतं. ह्यांचं घर मेंढपाळाचं. आक्कांचे वडील भर बैठकीत उठून म्हणाले, मग माझ्या मेंढरांनी दगड खायचे का? त्यांचंही खोटं नव्हतं.

"मंग तुम्ही काय केलं?" वैशालीनं विचारलं.

"मी म्हनलं, मेंढरू पानी बिगर जगतं का? दोन दीस बोलले न्हाईत माझ्यासंगं. मंग सोता जाऊन व्हय म्हनून आले." आजी हसल्या. "मेंढरं निम्मी इकली. ऱ्हायलेली घिऊन तिकडं पाचोडच्या अंगाला, गोदावरीच्या गंगाथडीला फिरायचे. सा-सा महिने घरी न्हाईत. इकडं रान वाढत ऱ्हायलं. पुढं गावानं ठरवलं, गवत कापून न्या, पर जनावर सोडू नका. तवा घरी ऱ्हायला लागले. म्हातारपणी रोज त्या घळीत जाऊन बसायचे. म्हनायचे, माझ्या मेंढरांचं रान हाय हे."

मोरे साहेबांनी रस पुसून खाल्ला, हात धुतला आणि नकाशा उलगडला. त्यावर पाचोळ्याचे तुकडे चिकटले होते आणि मधोमध त्यांच्या डोक्याचा तेलकट ठसा. त्यांनी नकाशाच्या कडेवर बोट ठेवलं.

"हॉल लहान करू," ते म्हणाले. "रस्त्याच्या कडेला जागा आहे, तिथं बसतो. स्वयंपाकघर आणि एक खोली. पंगती झाडांखाली."

"पावसाळ्यात?" कुणीतरी विचारलं.

"पावसाळ्यात बारशी आत घ्या. तेवढी जागा आहे."

आक्का पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. तो लहान हॉल आता झालाय. परवाच तिथं एका बाळाचं नाव ठेवलं आणि आम्ही सगळे चिंचेखाली जेवलो. कोण कुठं बसायचं ते अर्थातच आक्कांनी ठरवलं.

पण त्या दिवसाचं माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच.

उतरत्या दुपारी आम्ही निघालो. बस मोठ्या रस्त्यावर उभी होती. नको नको म्हणताना धोंडाआजी काठी टेकत सोडायला आल्या. रस्त्याच्या कडेला एक झाड नव्हतं. मोरे साहेब झऱ्याचं पाणी भरून आणायला परत गेले होते, त्यांची वाट बघत आम्ही भराभर बसमध्ये चढून बसलो. मी दारात होतो. बघतो तर आक्का खाली, भर उन्हात उभ्या. उन्हाचा एक पट्टा चुकवायला सगळी कॉलनी पालथी घालणारी ही बाई सूर्याकडं पाठ करून, पदर दोन्ही हातांनी ताणून, स्थिर उभी होती.

"आक्का, आत या ना. सावलीला बसा."

त्यांनी फक्त मान हलवली. त्यांच्यापुढं आई होती. आईच्या अंगावर लेकीची सावली पडली होती, डोक्यापासून पायांपर्यंत.

आजींनी माझा आवाज ऐकून माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "हिला काय सांगता? ती कुनाचं ऐकती? तवा मोळी आनायला जाताना हिला कडंवर घिऊन जायाची मी. डोंगरावर टेकायला झाड न्हाई. मंग मी आशीच उभी ऱ्हायची उन्हाला पाठ करून, आन् ही माझ्या सावलीत बसून भाकर खायाची. माझे पाय भाजायचे, पर हिचं खानं लई सावकाश."

"आय, बास कर," आक्का म्हणाल्या. आवाज कंडक्टरचा नव्हता.

"किती येळा म्हनलं हिला, येऊन ऱ्हा. म्हनती, भावाच्या घरात लेक चार दीसच गोड. आन् मला म्हनती, शहरात चल. मी गेलती एकदा. रानाचा वास न्हाई आला तर झोपच लागत न्हाई मला." आजींनी चाचपडत लेकीचा हात धरला. "ऱ्हा की गं आज. चार दीस तर चार दीस."

मोरे साहेब बाटल्या घेऊन धापा टाकत आले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आक्का आईकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "भाऊ, माझी पिशवी तेवढी द्या खाली. पहिल्या सीटवर हाय."

मी पिशवी दिली. बस सुटली. मागच्या काचेतून मला त्या दोघी दिसत होत्या. मायलेकी घराच्या वाटेला लागल्या तसं ऊन दुसऱ्या अंगानं यायला लागलं. आक्का थांबल्या, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, आणि आईच्या पलीकडच्या बाजूला जाऊन चालायला लागल्या.